अमेरिकेतल्या गुलामगिरीची आणि वर्णविभाजनाची भरपाई: कोणाला, किती आणि कोणत्या पुराव्यावर?

खतावणी

अमेरिकेतल्या गुलामगिरीची आणि त्यानंतरच्या वर्णविभाजनाची भरपाई या विषयावर मराठीत जे वाचायला मिळतं, ते 'द्यायलाच हवी' आणि 'दीडशे वर्षांपूर्वीची मढी कशाला उकरता' या दोन वाक्यांत आटोपतं. माझे प्रश्न त्याच्या पुढचे आहेत. समजा द्यायची ठरली, तर:

१. पात्रता वर्णावर ठरवायची की वंशावळीवर?

२. गुलामांची नावंसुद्धा सरकारदरबारी नोंदलेली नसायची म्हणतात. मग खापरपणजोबा गुलाम होता हे कागदावर दाखवायचं कसं?

३. आकडा कसा काढतात? माणशी २५ हजार डॉलरपासून एकूण १४ लाख कोटी डॉलरपर्यंत वाट्टेल ते वाचायला मिळतं.

४. आजवर कोणाच्या हातात खरोखर पैसा पडला आहे का? नसेल तर नेमकं अडतं कुठे?

नैतिक बाजूवर इतर धाग्यांत पुरेशी हाणामारी झाली आहे. इथे कृपया कागद, कलमं आणि आकडे.

पोटकलम

चौथ्यापासून सुरू करतो, बाकीचे तीन त्यातूनच निघतात.

पैसा पडला आहे, आणि भरपूर पडला आहे. पण मालकांच्या हातात. १६ एप्रिल १८६२ च्या कायद्याने राजधानी वॉशिंग्टनमधले सुमारे ३,००० गुलाम मुक्त झाले. संघराज्याशी एकनिष्ठ असलेल्या मालकाला माणशी ३०० डॉलरपर्यंत मिळाले. सुटलेल्या माणसाला काय? देश सोडून जायला तयार असेल तर १०० डॉलरपर्यंत. ब्रिटनने १८३३ च्या कायद्यात मालकांसाठी २ कोटी पौंड ठेवले, तेव्हाच्या सरकारी वार्षिक खर्चाच्या सुमारे ४० टक्के. मुक्त झालेल्यांना उलट 'शिकाऊ' म्हणून १८३८ पर्यंत त्याच मालकाकडे आठवड्याला ४५ तासांपर्यंत फुकट राबावं लागलं. मालकांसाठी काढलेल्या त्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश करदात्यांनी २०१५ मध्ये फेडला. 'आजोबांचं देणं नातवाने का फेडावं' या प्रश्नाला हे साल पुरेसं उत्तर आहे. सरकार माणसासारखं मरत नाही. हैतीचा प्रकार तर उरफाटाच. १८२५ मध्ये फ्रान्सने बंदराबाहेर युद्धनौका उभ्या करून आपल्याच माजी गुलामांकडून १५ कोटी फ्रँक कबूल करून घेतले. १८३८ मध्ये ते ९ कोटींवर आले. पहिला हप्ता भरायला ३ कोटींचं कर्ज काढलं, त्यातले २.४ कोटीच हातात आले.

आता पीडितांच्या बाजूने. जिथे जमलं, तिथे नुकसान नेमकं होतं, करणारी यंत्रणा नेमकी होती आणि माणसं हयात होती, किंवा नावानिशी सापडणारी होती.

सगळ्यात नीट बांधलेला नमुना गुलामगिरीचा नाही. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी-अमेरिकनांसाठी १९८८ चा कायदा झाला, त्याचा आहे. प्रत्येकी २०,००० डॉलर. मुख्य अट: १० ऑगस्ट १९८८ ला हयात असणं. त्यानंतर पैसे मिळण्याआधी मृत्यू झाला तर जोडीदार, मुलं, आईवडील या क्रमाने वारस. महत्त्वाचं म्हणजे शोधायचं काम सरकारवर होतं. न्याय खात्यात वेगळं कार्यालय उघडून छावण्यांच्या जुन्या याद्यांवरून माणसं काढली गेली. सर्वांत वृद्ध आधी, या क्रमाने ऑक्टोबर १९९० पासून वाटप सुरू झालं आणि ८२ हजारांहून अधिक लोकांना पैसे मिळाले.

कृष्णवर्णीयांच्या बाबतीत फ्लोरिडाने १९९४ मध्ये रोझवूडचा कायदा केला. जानेवारी १९२३ मध्ये ते गाव जाळून उठवलं होतं. एकूण सुमारे २१ लाख डॉलर: वाचलेल्यांना माणशी १,५०,००० पर्यंत, मालमत्ता गमावलेल्या कुटुंबांसाठी ५ लाखांचा निधी, शिवाय वंशजांना शिष्यवृत्त्या. शेरीफला धोक्याची कल्पना होती आणि राज्याने संरक्षण दिलं नाही, एवढ्या एका मुद्द्यावर ती मागणी उभी राहिली. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीचवर ब्रूस या कृष्णवर्णीय दांपत्याची किनाऱ्यावरची जागा १९२४ मध्ये बागेच्या नावाखाली सक्तीने घेतली होती. ती २०२२ मध्ये वारसांना परत मिळाली आणि त्यांनी पुढच्याच वर्षी ती काउंटीला (तिथल्या जिल्हा प्रशासनाला) २ कोटी डॉलरना विकली. तिथेही नुसता ठराव पुरला नाही. जमीन मधल्या काळात राज्याकडून काउंटीकडे आली होती आणि दस्तात हस्तांतरणबंदीची अट होती. ती काढायला २०२१ मध्ये राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला.

अडतं कुठे म्हणाल तर कोर्टात, आणि नेहमी त्याच चार दारांशी.

पहिलं दार सार्वभौम संरक्षणाचं. सरकारच्या संमतीशिवाय सरकारवर दावा चालत नाही. १९१५ मध्ये माजी गुलामांसाठी पेन्शन मागणाऱ्या कॅली हाउस यांच्या संघटनेने सरकारी तिजोरीवर दावा लावला. १८६२ ते १८६८ मध्ये कापसावर वसूल झालेला सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलरचा कर गुलामांच्या श्रमातून आला, तो माजी गुलामांना द्या, अशी मागणी होती. हिशेब पक्का, पैसा नेमका, तरी दावा याच दाराशी गेला. पुढे १९१७ मध्ये पेन्शनच्या नावाखाली टपालाने लोकांना फसवलं असा ठपका ठेवून हाउसबाईंनाच तुरुंगात टाकलं.

दुसरं, दावा लावण्याचा अधिकार. तुमचं स्वतःचं, या प्रतिवादीकडून झालेलं नुकसान दाखवा. सरकारकडून गुलामगिरीची भरपाई मागणारा 'कॅटो' खटला १९९५ मध्ये पहिल्या आणि या अशा दोन्ही दारांवर पडला. तिसरं मुदतीचं. चौथं 'हा राजकीय प्रश्न आहे, संसदेकडे जा' हे. २००६ मध्ये बँका-विमा कंपन्यांवरच्या दाव्यांत सातव्या सर्किटने (संघराज्याच्या अपील न्यायालयाने) बहुतेक भाग दुसऱ्या-तिसऱ्या दारावर फेटाळला. मात्र कंपनीने आपल्या गुलामगिरीशी असलेल्या संबंधांबद्दल आज ग्राहकांशी खोटं बोलून माल विकला असेल, तर तो फसवणुकीचा मुद्दा जिवंत ठेवला. ही फट बातम्यांत फारशी आली नाही.

ओक्लाहोमातल्या टल्सा शहरात १९२१ मध्ये कृष्णवर्णीयांचं हत्याकांड झालं. त्यातून वाचलेल्यांच्या वकिलांनी मुदत चुकवायला 'सार्वजनिक उपद्रव' हे कलम धरलं: त्या हत्याकांडाचा उपद्रव अजून चालू आहे, म्हणून मुदत संपलेलीच नाही. युक्ती चांगली होती. ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये तक्रारी रास्त असल्याचं म्हणत, त्या या कलमात बसत नाहीत असं सांगून दावा निकालात काढला. वाचलेल्या दोघी तेव्हा शंभरी ओलांडलेल्या होत्या.

थोडक्यात, कोर्टातून नाही, कायदेमंडळातून. आणि संघराज्याच्या पातळीवर ते विधेयक (एच. आर. ४०, पहिल्यांदा १९८९ मध्ये) पैसे देण्याचं नाहीच, अभ्यास आयोग नेमण्याचं आहे. २०२१ मध्ये ते समितीतून २५ विरुद्ध १७ मतांनी निघालं, पण सभागृहात मतदानाला आलं नाही.

शिरगणती

दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. 'कागदच नाहीत' हे अर्धसत्य आहे. कागद खूप आहेत, फक्त माणसाच्या नावाने नाहीत, मालकाच्या नावाने आहेत.

सुरुवात आजपासून मागे करायची. उलट कधीच नाही. 'आमचं आडनाव अमुक, त्या नावाचा मोठा मळेवाला होता, म्हणजे आम्ही त्याचेच' अशी सुरुवात केली की पुढचं सगळं कोसळतं. जन्म-मृत्यू-विवाहाचे दाखले, मग जनगणना. अमेरिकेत जनगणनेची वैयक्तिक पानं ७२ वर्षांनी उघडतात, म्हणून सध्या शेवटची उपलब्ध १९५० ची (ती एप्रिल २०२२ मध्ये खुली झाली). तिथून १९४०, १९३० असं खाली उतरत १९०० पर्यंत या. १९०० च्या नोंदीत जन्माचा महिना आणि साल दोन्ही आहेत, ते जपून ठेवा. १८९० ची जवळपास सगळी पानं १९२१ च्या आगीमुळे गेली, त्यामुळे तिथे वीस वर्षांची उडी. त्या उडीत मुलगी लग्न होऊन नवऱ्याच्या नावाने दिसायला लागते आणि माग तुटतो. काउंटीच्या विवाह नोंदवह्या इथे कामाला येतात. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं लिहिलेलं आहे. १८७० मध्ये ते नाही. एका घरातल्या सगळ्यांना एक कुटुंब समजू नका, भाऊ-भावजय-पुतणे असू शकतात.

१८७० ही भिंत. मुक्त झालेल्या बहुतेकांचं नाव संघराज्याच्या जनगणनेत पहिल्यांदा येतं ते इथे. तिच्या पलीकडे १८६० आणि १८५० च्या 'गुलाम अनुसूची' आहेत. त्यातलं एक पान कसं दिसतं ते सांगते. डावीकडे मालकाचं नाव. मग रकाने: वय, लिंग, रंग (कृष्ण किंवा मिश्र), फरार आहे का, मुक्त केले ते किती, बहिरा-मुका-आंधळा-वेडा आहे का, आणि १८६० मध्ये शेवटी गुलामांच्या झोपड्या किती. माणसाच्या नावाला रकानाच नाही. '३४, स्त्री, कृष्ण. १२, पुरुष, मिश्र. ३, स्त्री, कृष्ण.' १८६० मध्ये अशा ३९ लाख ५३ हजार ओळी भरल्या.

भिंत ओलांडायला मधले पाच-सहा वर्षांचे कागद लागतात. माझ्या मते उपयोगाच्या क्रमाने:

फ्रीडमन्स बँकेच्या, म्हणजे मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या बचत बँकेच्या, खातेनोंदी (१८६५ ते १८७४). खातं उघडताना ओळख पटावी म्हणून जन्मस्थान, वय, आईवडील, भावंडं, मुलं विचारत, आणि आधीच्या अर्जांत जुना मालक नि मळासुद्धा. बँक बुडाली, ६१ हजारांहून जास्त ठेवीदारांचे जवळपास ३० लाख डॉलर अडकले. त्यांच्या पणतवंडांच्या हाती निदान वंशावळ लागली, हा दैवदुर्विलासच.

फ्रीडमन्स ब्यूरोचे (मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याचे) मजुरी करार. १८६५-६६ चे करार पुष्कळदा जुन्या मालकाशीच झालेले असतात.

यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने लढलेल्या कृष्णवर्णीय पलटणींतल्या सैनिकांच्या पेन्शन फायली. विधवेला लग्न सिद्ध करावं लागे, आणि गुलामांच्या लग्नाला कायदा मानत नव्हता. म्हणून शेजाऱ्यांच्या, कधी जुन्या मालकिणीच्याही साक्षी घेतल्या जात. एका फाइलीत तीन पिढ्या सापडू शकतात.

मालकाचं नाव हाती लागलं की त्याचे कागद धरा. मृत्युपत्र, आणि मृत्यूनंतरची मालमत्तेची यादी. तिथे नावं आहेत. बैल, जातं, नांगर आणि मध्येच 'हॅना आणि तिचं मूल', पुढे डॉलरमध्ये किंमत, अशी ती यादी असते. मग १८६० च्या अनुसूचीतलं वय-लिंग, या यादीतलं नाव आणि १८७० चं कुटुंब, या तिन्हींचा मेळ घालायचा.

चुका कुठे होतात? आडनावात सगळ्यात जास्त. मुक्त झाल्यावर अनेकांनी शेवटच्या मालकाचं नाव घेतलं नाही. आधीच्या मालकाचं, वडिलांच्या मालकाचं, किंवा स्वतः निवडलेलं घेतलं. वयं पाच-दहाच्या पटीत गोल केलेली असतात, तेव्हा चार-पाच वर्षांचा फरक खपवून घ्या. मालकाने गुलाम भाड्याने दिले असतील तर ते दुसऱ्याच काउंटीत मोजलेले सापडतात. डीएनए चाचणीने गुलामगिरी सिद्ध होत नाही. आफ्रिकन वंशाचा टक्का हा पुरावाच नव्हे. दूरचे चुलतभाऊ जुळले तर माग काढायला मदत होते, इतकंच.

आणि एक सापळा. पूर्वज १८६० च्या साध्या जनगणनेत नावानिशी सापडला की लोक आनंदतात. वस्तुतः तिथे नाव असणं म्हणजे तो तेव्हा मुक्त होता. त्या वर्षी सुमारे ४ लाख ८८ हजार मुक्त कृष्णवर्णीय होते, दर नवांत एक. 'फक्त गुलामांचे वंशज' अशी अट ठेवली तर हे बाहेर पडतात. भरपाईचा अभ्यास करायला नेमलेल्या कॅलिफोर्नियाच्या कार्यदलाने मार्च २०२२ मध्ये व्याख्या ठरवताना हे ध्यानात घेतलं: गुलामांचे, किंवा एकोणिसावं शतक संपण्याआधी अमेरिकेत असलेल्या मुक्त कृष्णवर्णीयांचे वंशज. ते मतदान ५ विरुद्ध ४ असं काठावर झालं होतं.

गहाणखत

शिरगणती, प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला.

तिसरा प्रश्न. आकडे एवढे पसरट का, तर मोजायची वस्तूच प्रत्येकाची वेगळी. न दिलेली मजुरी, न दिलेली जमीन, आजची संपत्तीतली दरी, किंवा एखाद्या विशिष्ट धोरणाने झालेलं नुकसान.

पहिल्या दोन पद्धती व्याजदरावर जगतात-मरतात. १८६५ चे १०० डॉलर घ्या, चक्रवाढीने १६० वर्षं. ३ टक्क्यांनी ११,३०० च्या आसपास. ४ टक्क्यांनी ५३,१००. ६ टक्क्यांनी ११ लाख १९ हजार. मुद्दल तेच, दर दुप्पट केला तर उत्तर जवळपास शंभरपट. म्हणून कोणी 'मजुरीवरून काढलेला' आकडा तोंडावर फेकला की पहिला प्रश्न दर कोणता हा, आणि दुसरा, महागाई वजा करून की तशीच? महागाईसकटचा दर लावून वर पुन्हा 'आजच्या किमतीत' रूपांतर केलेले हिशेब फिरताना दिसतात. ती सरळ दुहेरी मोजणी आहे.

१४ लाख कोटी डॉलर हा तिसऱ्या पद्धतीचा आकडा. गोऱ्या आणि कृष्णवर्णीय कुटुंबांच्या सरासरी संपत्तीतला फरक गुणिले पात्र कुटुंबं. इथे सरासरी की मध्यक (ओळीत बरोबर मधोमध येणाऱ्या कुटुंबाचा आकडा), यावर सगळं फिरतं. २०२२ च्या फेडरल रिझर्व्हच्या पाहणीत मध्यक संपत्ती गोऱ्या कुटुंबाची २,८५,००० आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९०० डॉलर, म्हणजे फरक २ लाख ४० हजार. सरासरी घेतली तर फरक ११ लाखांच्या वर जातो, कारण गोऱ्यांची सरासरी अतिश्रीमंत वर ओढतात. सरासरी घेणाऱ्यांचं म्हणणं असं की संपत्ती एकवटलेली आहे हाच तर मुद्दा आहे, मध्यकाने ती झाकली जाते. मला ते तर्काला धरून वाटतं, पण मग 'ही गुलामगिरीची भरपाई' असं म्हणता येत नाही. ती गुलामगिरी अधिक वर्णविभाजन अधिक बाकी सगळं, यांच्या एकूण परिणामाची होते. अंदाज यावा म्हणून: अमेरिकन संघराज्याचा २०२४ या आर्थिक वर्षातला सगळा खर्च सुमारे पावणेसात लाख कोटी होता.

चौथी पद्धत मला सगळ्यांत पटते, कारण तिथे भांडायला ठोस जागा असते. कॅलिफोर्नियाच्या जून २०२३ च्या अहवालात अर्थतज्ज्ञांनी नुकसानीचे तुकडे पाडले. आरोग्यातली तफावत: राज्यात काढलेल्या दर वर्षाला १३,६१९ डॉलर. पोलिसांचा अतिरेक आणि तुरुंगवास: १९७१ ते २०२० मधल्या दर वर्षाला २,३५२. घरकर्जातला भेदभाव: १९३३ ते १९७७ मधल्या दर वर्षाला ३,३६६. म्हणजे १९५० ते १९७० तिथे राहिलेल्या व्यक्तीचा घरकर्जाचा भाग २० गुणिले ३,३६६, बरोबर ६७,३२०. बातम्यांत आलं ते 'माणशी १२ लाख', म्हणजे ७१ वर्षांचं पूर्ण आयुष्य राज्यात काढलेल्या माणसाला तिन्ही तुकडे, प्रत्येक आपापल्या वर्षांपुरता, लावून आलेली कमाल मर्यादा. अहवालाने इतके द्या असं म्हटलंच नव्हतं. ही मोजण्याची रीत होती, देणं ठरवणं विधिमंडळावर सोडलं होतं.

२५,००० हा आकडा इलिनॉयमधल्या एव्हन्स्टनचा, आणि तो नुकसानीवरून नाही, तिजोरीवरून आला. शहराने आधी गांजाविक्रीवरच्या ३ टक्के स्थानिक करातून १० वर्षांत १ कोटी डॉलर उभे करायचं ठरवलं. मग घरासाठी उपयोगी पडेल अशी रक्कम ठरली. पात्र: १९१९ ते १९६९ मध्ये तिथे राहिलेले, तेव्हा १८ वर्षं पूर्ण असलेले कृष्णवर्णीय रहिवासी, त्यांचे थेट वंशज, किंवा १९६९ नंतर शहराच्या धोरणाने भेदभाव सोसल्याचा पुरावा देणारे. १९६९ का, तर त्या वर्षी शहराने घरांबाबतच्या भेदभावावर बंदी घातली. पहिले १६ जण जानेवारी २०२२ मध्ये सोडतीने निवडले. पुढे काय बिघडलं? शहरात गांजाचं दुकान एकच, कर ठिबकत आला, यादीतली वृद्ध माणसं वाट पाहताना वारली. २०२२ मध्ये मालमत्ता हस्तांतरण कराची जोड द्यावी लागली. शिवाय सुरुवातीला पैसा फक्त घरखरेदी, दुरुस्ती किंवा कर्जफेडीला, तोही थेट बँकेला किंवा ठेकेदाराला. भाड्याने राहणाऱ्या ऐंशीच्या म्हातारीने त्याचं काय करायचं? रोख रकमेचा पर्याय २०२३ मध्ये आला.

उलटतपासणी

सगळं छान, पण पहिला प्रश्न कोणी धरला नाही. एव्हन्स्टनमध्ये पात्रता वर्णावर आहे, आणि मे २०२४ मध्ये नेमक्या त्याच मुद्द्यावर संघराज्याच्या कोर्टात दावा लागला: भेदभाव सोसल्याचा वैयक्तिक पुरावा न मागता वर्णावरून पैसे देणं म्हणजे चौदाव्या घटनादुरुस्तीचा भंग. विद्यापीठ प्रवेशात वर्णाला प्राधान्य देणं घटनाबाह्य ठरवणाऱ्या २०२३ च्या हार्वर्ड निकालानंतर हा दावा कमजोर म्हणता येईल का? आणि वंशावळीचा मार्ग सुरक्षित आहे असं कोणी समजू नये.

पोटकलम

@उलटतपासणी, रास्त. वर्णावर आधारलेली सरकारी योजना 'कठोर छाननी'तून, म्हणजे कोर्टाच्या सगळ्यांत कडक कसोटीतून, जाते. १९८९ च्या क्रोसन निकालात रिचमंड शहराची अल्पसंख्याकांच्या धंद्यांसाठी ३० टक्के कंत्राटं राखून ठेवायची योजना पडली, कारण शहराने 'समाजात भेदभाव झाला' असं म्हटलं. याच शहराने, या धंद्यात, कोणावर केला हे मांडलं नाही. त्यामुळे आता प्रत्येक शहर आधी दोन-तीनशे पानी नुकसान-अहवाल तयार करतं. तो शोभेचा नाही, कोर्टासाठीचा दस्तऐवज आहे.

वंशावळीचं म्हणाल तर २००० च्या राइस निकालाने हवाईतली पूर्वजांवर आधारलेली मताधिकाराची अट रद्द केली: वंश हा वर्णाचा मुखवटा ठरू शकतो. बचाव इतकाच करता येतो की गुलामांचा वंशज ही ओळख वर्णाशी तंतोतंत जुळत नाही. नंतर आफ्रिकेतून किंवा कॅरिबियनमधून आलेले लाखो कृष्णवर्णीय तीत बसत नाहीत. कॅलिफोर्नियात १९९६ पासून सरकारी कामात वर्णाधारित प्राधान्यालाच बंदी आहे, म्हणून वंशावळीवर बाजी लावली गेली.

काय टिकतं हे पाहायचं तर कृष्णवर्णीय शेतकऱ्यांचं प्रकरण बघा. पिगफर्ड खटला, १९९९ ची तडजोड. कृषी खात्याने १९८१ ते १९९६ मध्ये कर्ज नाकारलं किंवा लांबवलं, हा दावा. मुदतीचं दार १९९८ मध्ये संसदेने कायदा करून उघडलं, नाहीतर तो तिथेच संपला असता. मग दोन रस्ते. 'अ': कागदावर निकाल, पुरावा बेताचा चालेल, ५०,००० डॉलर, करासाठी आणखी १२,५०० आणि संबंधित कर्जमाफी. 'ब': पूर्ण सुनावणी, रकमेला मर्यादा नाही, पण हरलात तर हात रिकामे. साहजिकच जवळपास सगळे 'अ'मध्ये गेले.

बिघडलं दोन ठिकाणी. 'अ'मध्ये तुमच्यासारख्याच परिस्थितीतल्या, पण कर्ज मिळालेल्या गोऱ्या शेतकऱ्याचं उदाहरण द्यायचं होतं. शेजाऱ्याची कर्जफाइल खात्याच्या कपाटात. अर्जदाराने ती आणायची कुठून? आणि अर्जाची शेवटची तारीख १२ ऑक्टोबर १९९९. वेळेत सुमारे साडेबावीस हजार आले, त्यानंतर ६० हजारांहून जास्त. उशिराचे बहुतेक बाद झाले, कारण माहितीच पोचली नव्हती. त्यांच्यासाठी २०१० मध्ये १२५ कोटी डॉलरची वेगळी तडजोड झाली आणि संसदेला तिच्यासाठी पैसा मंजूर करावा लागला. १९८८ च्या कायद्याशी ताडून पाहा. तिथे सरकार माणसं शोधत होतं, इथे माणसांनी सरकारला शोधायचं होतं.

२०२१ चा अंक त्याहून बोलका. संसदेने 'सामाजिकदृष्ट्या वंचित' शेतकऱ्यांना कर्जाच्या १२० टक्के देण्यासाठी सुमारे ४०० कोटी ठेवले, पात्रता वर्णावर. जूनमध्येच कोर्टांनी स्थगिती दिली, एक डॉलरही धड पोचला नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ते कलम रद्द करून २२० कोटींची नवी योजना आली: कृषी खात्याच्या कर्जात भेदभाव सोसलेला कोणीही. वर्णाचा उल्लेख नाही. २०२४ मध्ये ४३ हजारांहून अधिक लोकांना जवळपास २०० कोटी वाटले गेले. म्हणजे माझ्या लेखी पहिल्या प्रश्नाचं आजच्या कायद्यातलं उत्तर: वर्णही नको, नुसती वंशावळही नको, नुकसानीची घटना लिहा आणि ती सोसणारा कोण ते लिहा. गुलामगिरीसाठी हे अवघड आहे. वर्णविभाजनासाठी बरंच शक्य आहे, कारण ती माणसं अजून आहेत. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने एकत्र शिक्षण टाळायला १९५९ ते १९६४ सार्वजनिक शाळाच बंद ठेवल्या. तेव्हा शिक्षणाला मुकलेल्यांसाठी राज्याने २००४ मध्ये शिष्यवृत्ती काढली. पात्रता वर्णावर नव्हती, बंद शाळेवर होती.

तळटीप

दोन दुरुस्त्या, चर्चेत पुन्हा पुन्हा येतात म्हणून.

'४० एकर आणि खेचर' हे माजी गुलामांना दिलेलं वचन म्हणून सांगतात. १६ जानेवारी १८६५ च्या जनरल शर्मन यांच्या हुकुमात खेचर नाही. सैन्याची जनावरं नंतर काहींना दिली गेली. चार्ल्सटनपासून फ्लोरिडातल्या सेंट जॉन्स नदीपर्यंतची बेटं आणि किनारपट्टी, साधारण ४ लाख एकर, जास्तीत जास्त ४० एकरांचे तुकडे, सुमारे ४० हजार माणसं वसली. पण दिला होता तो ताबा-हक्क, मालकी नव्हे. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी माफी दिलेल्या जुन्या मालकांना जमिनी परत केल्या आणि पीक उभं असताना माणसं उठवली गेली. म्हणून जमिनीवरचा आजचा कायदेशीर दावा वाटतो त्याहून लेचापेचा आहे.

दुसरं, 'लाल रेषांचे नकाशे', म्हणजे घरकर्जाला धोक्याच्या मानलेल्या वस्त्या लाल रंगात दाखवणारे. ते गृहमालक कर्ज महामंडळाने काढले आणि दोष सगळा त्यांच्यावर येतो. महामंडळाची बहुतेक कर्जं नकाशे पुरे व्हायच्या आधीच वाटली होती. खरं नुकसान १९३४ मध्ये सुरू झालेल्या गृहनिर्माण प्रशासनाच्या कर्जहमीच्या नियमांनी केलं. मिश्र वस्तीला हमी नाही, आणि दस्तात वर्णबंदीची अट असलेली बरी, असं त्यांची नियमपुस्तिका सांगत होती. भरपाईच्या अर्जाला 'माझं घर लाल भागात होतं' हा नकाशा जोडणं सोपं जातं, पण समोरचा वकील तयारीचा असेल तर पहिला घाव तिथेच घालेल.

अवांतर: 'करपत्रकात गुलामगिरी भरपाईची सवलत मागा' असं सांगून फी उकळणारे अधूनमधून उगवतात. अशी सवलत कायद्यात नाही. पैसे चुकून आलेच तर परत जातात, वर निराधार पत्रक भरल्याचा ५,००० डॉलर दंड.

खतावणी

सर्वांचे आभार, अपेक्षेपेक्षा खूप मिळालं. एकच शंका उरली. एव्हन्स्टनमध्ये सुरुवातीला रोख का दिली नाही? निव्वळ अविश्वास?

गहाणखत

काही टीकाकार तसं म्हणतात, पण करही एक कारण होतं. शहराचं म्हणणं असं की माणसाच्या हातात रोख दिली तर ती करपात्र उत्पन्न धरली जाईल. बँकेला परस्पर दिली तर तो बोजा टळतो. करमाफीचा अधिकार नगरपालिकेला नाही, संसदेला आहे.

दुसरा फटका त्याहून वाईट, आणि योजना लिहिणाऱ्यांच्या तो हमखास नजरेतून सुटतो. गरीब वृद्ध आणि अपंगांना संघराज्याचा जो मासिक पूरक भत्ता मिळतो, त्यासाठी एकट्या माणसाची शिल्लक २,००० डॉलरच्या आत असावी लागते. ज्या महिन्यात २५,००० खात्यात येतील, तो महिना उत्पन्नात मोजला जाईल. पुढच्या महिन्यापासून उरलेली रक्कम शिल्लक म्हणून मोजली जाईल आणि भत्ता थांबेल. राहतं घर मात्र या शिल्लकीत धरत नाहीत. १९८८ च्या कायद्यात यावर एक उपकलम आहे: ही रक्कम करासाठी 'मानवी यातनांची भरपाई' समजावी आणि सरकारी मदतीची पात्रता ठरवताना उत्पन्नात किंवा मालमत्तेत धरू नये. कुठलाही नवा मसुदा हातात आला की मी आधी ती ओळ शोधतो, आकडा नंतर बघतो.

शिरगणती

आणि त्याच्याच शेजारी दुसरी ओळ शोधा: दाखले काढण्याचा खर्च कोणाचा. तीन-चार पिढ्यांचे प्रमाणित दाखले प्रत्येकी फी भरून, वेगवेगळ्या राज्यांतून, टपालाने मागवावे लागतात. आणि काही काउंट्यांची कोर्टघरं जळालेली आहेत. तिथे 'कागद नसल्यास काय ग्राह्य धरावं' हे मसुद्यात लिहिलेलं नसेल, तर अर्ज तपासणारा कारकून तो बाजूला ठेवून देईल.